खांब मॅडमचे दोन खो

मागून हाक मारली तर खांब मॅडम थांबत नसत. चौबे कॉलोनीच्या बाजारात भाजीवाला "दीदी, आपका झोला रह गया!" म्हणून घसा फोडायचा आणि त्या आपल्या नाकासमोर चालत राहायच्या. शेवटी बिचारा झोला घेऊन धावत पुढे यायचा, तोंडासमोर उभा राहायचा, तेव्हा कुठे त्या झोला घ्यायच्या आणि वर त्यालाच सुनवायच्या, "देखो, कैसे हाँफ रहे हो. रोज दौड़ा करो." मागे पाहत चालणारा माणूस समोरच्या गायीवर आदळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या रायपूरच्या रस्त्यांवर गायी कशा ठाण मांडून बसतात ते पाहता हे म्हणणं खोडून काढायची कुणाची छाती नव्हती.

त्या आमच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. खेळ म्हणजे खो-खो, बाकीच्यांना त्या टाइमपास म्हणत. उंच, काटक, आणि उभ्या राहिल्या की जमिनीत रोवल्यासारख्या. आमच्या आधीच्या कुठल्या तरी तुकडीनं त्यांना हे नाव ठेवलं होतं आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. "खांब काय वाईट हाय वो?" त्या म्हणायच्या. "मैदानात एकच चीज अशी हाय जे कधी आऊट होत नाही." आम्ही मराठी घरच्या पोरी त्यांच्या मराठीला हिंदीतून उत्तरं द्यायचो. त्यावर मात्र त्या कधी चिडल्या नाहीत. पाय मराठीत धावले म्हणजे झालं, म्हणायच्या.

राज्य नवं होतं, राजधानी नवी होती, आणि रोज कशाचं ना कशाचं उद्घाटन असायचं. एकदा असल्याच समारंभाच्या मंडपाचा ट्रक थेट आमच्या मैदानात शिरला. आमचा सराव चालू होता. आठ पोरी चौकोनांत उकिडव्या बसलेल्या, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. ठेकेदार म्हणाला, "मैडम, बच्चियों को उठाइए." मॅडम म्हणाल्या, "खो मिला तो उठेंगी. आपको देना आता है?" तो पुढून आला आणि खो-खो म्हणून हात हलवायला लागला. एकही पोरगी हलली नाही. खो पाठीमागून द्यायचा असतो, हात लावून आणि मोठ्यानं, आणि देणाऱ्यानं उठलेल्या खेळाडूच्या जागी बसायचं असतं. मॅडमनी हा नियम त्याला शांतपणे समजावून सांगितला. शेवटी मंडप दुसऱ्या मैदानावर गेला. मुख्याध्यापकांनी मॅडमना बोलावून झापलं, तर म्हणाल्या, "सर, नियम मी नाही बनवला."

खो-खोचा दुसरा एक नियम त्यांना त्याहून लाडका होता. पाठलाग करणाऱ्यानं एकदा एका दिशेनं पाऊल टाकलं की खांब येईपर्यंत उलटं फिरता येत नाही. नवी पोरगी हमखास तिथेच चुकायची. समोरची निसटली की हिचं अंग वळायचं आणि मॅडमची शिटी वाजायची. "दिशा घेतली न तू? मग आता खांबापर्यंत मरमर धाव. बेइमानी नाही करायची." नियम मोडण्याला त्या फाऊल म्हणत नसत, बेइमानीच म्हणत.

मी शाळा सोडून बरीच वर्षं झाली होती. सिलतऱ्याच्या एका स्टील कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करत होते आणि रविवारी मैदानावर जाऊन मॅडमच्या पोरींबरोबर धावत होते. अशाच एका रविवारी त्या म्हणाल्या, "मले फोन आला. माझा बोन मॅरो कोणाशी तरी जुळला." आधी मला काही कळेचना. मग आठवलं. पूर्वी एका कॉलेजात शिबिर झालं होतं, आम्ही जुन्या पोरी मॅडमबरोबर तिथे गेलो होतो. रक्ताच्या आजारात ज्यांना घरातलं कुणी जुळत नाही, त्यांच्यासाठी अनोळखी लोकांच्या गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानं नमुने घेत होते. आम्ही सगळ्या मागे सरकलो होतो तेव्हा मॅडम पुढे होऊन खुर्चीत बसल्या होत्या. "पाह्य, नुसतं गालफड पुसतात. भ्याल्या काहून?" असं म्हणून त्यांनी आम्हालाही बसवलं. आम्ही ते विसरूनही गेलो होतो.

कुणासाठी लागतं आहे ते सांगत नाहीत. एवढंच कळलं की विशीतली मुलगी आहे, तिच्या हाडांतल्या मगजानं रक्त बनवणं बंद केलंय, आणि भाऊबहीण कुणी जुळलं नाही. मॅडमनी त्या क्षणापासून तिला "आपली पोट्टी" म्हणायला सुरुवात केली. शाळेत दर वर्षी नव्या पोरी यायच्या त्यांनाही त्या हेच म्हणायच्या, आणि नाव विचारायच्या आत म्हणायच्या.

डॉक्टरबाई तपासणीसाठी आल्या तेव्हा मी मॅडमच्या घरी होते. त्यांनी फार नीट समजावलं. द्यायचे दोन मार्ग. एक, पाच दिवस इंजेक्शनं घ्यायची, म्हणजे मगजातल्या पेशी रक्तात उतरतात, मग मशीनवर हातातून गोळा करायच्या. हल्ली बहुतेक लोक तसंच देतात. दुसरा, भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईनं मगज काढायचा. हातातून घेतलेल्या पेशी पेशंटच्या शरीरात लवकर रुजतात, पण त्यांच्याबरोबर भांडखोर पेशीही जास्त जातात. त्या नव्या घरात भांडत बसतात, कातडी आवळते, डोळे नि तोंड कोरडं पडतं, कधी कधी ते वर्षानुवर्षं चालतं. हाडातला मगज त्या मानानं सोशिक, पण रुजायला वेळ लावतो, आणि कधी रुजतच नाही. या मुलीच्या आजारात तिच्या डॉक्टरांना हाडातला हवा होता. "पण तुमचा निर्णय तुमचाच," बाई म्हणाल्या. "हातातून दिलं तर तुम्हाला सोपं जाईल."

"मले काय सोपं ते मी विचारलंच कुठं?" मॅडम म्हणाल्या. "तिले काय बरं ते सांगा."

"हाडातला."

"मग हाडातला."

आतून दादा आणि वहिनी ऐकत होते. मॅडमचं लग्न झालेलं नव्हतं, त्या या थोरल्या भावाच्या घरी राहत. दादा रेल्वेत होते, स्वभावानं चांगले, पण कमरेचं हाड म्हटल्यावर त्यांना घाम फुटला. दुसऱ्या दिवशी घरात नातेवाइकांची बैठकच बसली. मला अजून त्या बैठकीचा राग येतो. कमरेतून काढलं की लकवा मारते. अमक्याच्या मेहुण्याला असंच झालं. वहिनी हळूच म्हणाल्या, "शालूताई, अजून एखादं स्थळ येऊ शकते." मॅडम म्हणाल्या, "वहिनी, बेचाळीस वर्षांत नाही आलं ते आता काय माझी कंबर पाहून येऊन राहिलं?" आम्ही दोघीच हसलो. मॅडमनी मग सगळ्यांना चहा दिला आणि पुन्हा "हाडातला" एवढंच म्हणाल्या.

खरी कुस्ती आठवड्यानं झाली. मुंबईच्या दवाखान्यात जायला थोडेच दिवस उरले होते आणि दादांनी दारात उभं राहून सांगितलं, "नाही जायचं. फोन करून कळवून दे, तब्येत बरी नाही." मॅडम बॅग भरत होत्या. त्यांनी साडीची घडी खाली ठेवली. मी त्यांना एवढ्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"दादा, कालपासून त्या पोट्टीले औषध सुरू झालं. तिच्या हाडात जे होतं-नव्हतं ते सारं जाळून राहिले, माझं घालता यावं म्हणून. आता मी फिरली तर ती मधातच मरन. तिच्याजवळ आता तिचंही नाही न माझंही नाही."

"तुले काही झालं तर?"

"तर झालं. मी दिशा घेतली दादा. आता खांबापर्यंत."

दादा दारातून बाजूला झाले, पण बरोबर आले नाहीत. मी रजा टाकली आणि गेले. भुलीतून जागं झाल्यावर मॅडमनी पहिलं विचारलं, "गेलं का तिच्याकडे?" पिशवी केव्हाच निघून गेली होती. त्यानंतर दोन-तीन आठवडे त्या खुर्चीवर तिरप्या बसत आणि वाकताना ओठ दाबून धरत. कुणी विचारलं, फार दुखतं का, तर म्हणत, "गाढवानं लाथ मारल्यासारखं वाटून राहिलं. पण गाढव आपल्याच घरचं हाय."

आणि मग तो फोन आला. मगज रुजला नव्हता. मुलगी जिवंत होती, पण तिचं रक्त काही बनत नव्हतं. डॉक्टर विचारत होते, पुन्हा द्याल का, या वेळी हातातून, कारण आता लवकर रुजणं जास्त गरजेचं आहे.

दादा उसळलेच. "सांगत होतो मी! पहिलेच हातातून दिलं असतं तर ही वेळ आली असती?" त्या संध्याकाळी मॅडम मैदानावर खांबाला टेकून बसल्या होत्या आणि रडत होत्या. मी त्यांना रडताना पाहिलेलं ते एकदाच. डॉक्टरांना त्यांनी विचारलं होतं, माझी चूक झाली का म्हणून. डॉक्टर म्हणाले, चूक नव्हती, तेव्हा जे तिच्यासाठी बरं होतं तेच केलं, तरी कधी कधी असं होतं. "म्हणजे बराबर खेळूनही गडी निसटते," मॅडम म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं. "निसटला तर काय करायचं असते, रंजू?"

"दुसरा खो," मी म्हटलं.

"हव."

या वेळी इंजेक्शनं रायपुरातच सुरू झाली. तिसऱ्या दिवसापासून त्यांची हाडं आतून ठणकायला लागली. धावायला सक्त मनाई होती, तर त्या मैदानात येऊन पोरींच्या रांगेत चौकोनात मांडी घालून बसल्या आणि तिथून शिट्या मारत राहिल्या. निघायच्या दिवशी दादा बॅग घेऊन आधीच रिक्षात जाऊन बसले होते. मुंबईत मशीनवर मॅडमचे दोन्ही हात अडकलेले, एका हातातून रक्त जात होतं, दुसऱ्यातून परत येत होतं, आणि तासन्‌तास हलायचं नाही. नेमकं तेव्हाच त्यांचं नाक खाजायला लागलं. दादांनी रुमाल काढला आणि बहिणीचं नाक खाजवलं. "डाव्या बाजूनं," मॅडम हुकूम सोडत होत्या. "अजून वर. दादा, एवढंही येत नाही का तुम्हाले?"

या खेपेला रुजलं. बरेच दिवस वाट पाहायला लावून फोन आला, मुलीचं रक्त बनू लागलं होतं. तिच्या वाट्याला कोरडे डोळे आले, कातडीचा त्रास आला, डॉक्टरबाईंनी सांगितलेलं भांडण सगळं आलं. पण ती जगली, घरी गेली, आणि दोन वर्षांनी तिनं विचारणा केली की मला त्या बाईंना भेटायचं आहे. आता दादांना कोण उत्साह! समारंभ होणार, हार-तुरे, पेपरात फोटो. त्यांनी सफारी इस्त्रीला टाकला. मॅडमनी सरळ नाही म्हणून सांगितलं.

मीसुद्धा भांडले. "एकदा पाहा तरी तिला."

"काहून? खो पाठीमागून देतात. ज्याले मिळाला त्यानं मागं नाही पाहायचं, उठून पळायचं. तिले माझे पाय पकडायचे असन. मले ते नाही पाहिजे. तिले सांगा म्हणा, धाव."

एवढाच निरोप गेला. मुलीकडून आलेला निरोप त्याहून लहान होता. ती म्हणाली, धावते आहे.

मागच्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. सकाळी शाळेला निघायच्या तयारीत होत्या, छातीत कळ आली आणि संपलं. कॉलोनीतल्या मोठ्या माणसांनी सांगितलं, बायकांनी घाटावर यायचं नाही. आम्ही तीन-चार तुकड्यांच्या मिळून वीसेक पोरी होतो, काहींच्या कडेवर मुलं होती. आम्ही काही वाद घातला नाही. रांगेनं चालू लागलो आणि महादेव घाटापर्यंत चालत गेलो. आम्हाला अडवायला कुणीतरी पुढे आलं, तर दादाच त्याला म्हणाले, "येऊ दे. तिच्या आहेत."

चिता पेटली तेव्हा इतका वेळ आवरून धरलेले दादा कोसळले. "शालूचं काहीच नाही उरलं रे. मूल नाही, बाळ नाही. सारं जळून राहिलं."

मी त्यांचा हात धरला. माझा आवाज चढला, घाटावर चढवू नये इतका. "सारं नाही दादा. कुठंतरी एक पोट्टी हाय. तिच्या हाडात मॅडमच रक्त बनवून राहिल्या. आजही."

दादांनी होकारार्थी मान हलवली.

निघताना गुरुजींनी सगळ्यांना बजावलं की आता कुणी मागे वळून पाहायचं नाही. पुरुषमंडळी जपून, माना आखडून चालायला लागली. आम्हाला ते सांगायची गरज नव्हती. आम्ही पोरी समोर पाहत, ताठ, रस्त्यापर्यंत सरळ चालत गेलो.