वरची दोरी

लोक विचारतात, मनाच्या जखमांवर उपचार करायला कशी लागलीस? मी सांगते, एका खांद्यामुळे. बहुतेकांना वाटतं, मी टोलवाटोलवी करतेय.

तेव्हा मी अलिबागला फिजिओथेरपिस्ट होते. थळच्या एक मावशी खांदा निखळून आल्या. वलांडीवर, म्हणजे बांबूंना बांधलेल्या आडव्या दोऱ्यांवर, त्या स्टुलावर चढून बोंबील वाळत घालत होत्या. तेवढ्यात किनाऱ्यावरून हाक आली, नवऱ्याची होडी उलटली. त्या तशाच कोसळल्या. नवरा परत आला नाही. खांदा मी मन लावून बरा केला. माझ्यासमोर त्या हात सरळ छताकडे न्यायच्या, स्वतःची वेणी घालायच्या. वलांडीसमोर मात्र हात छातीशीच अडायचा. वरच्या दोऱ्या रिकाम्या राहायच्या, खालच्या दोरीवरचे बोंबील कुत्री पळवायची. घर तर आता सुक्या मासळीवरच चालणार होतं.

"बाय, हात बरा हाय," त्या म्हणाल्या. "पन तिथं उभी रायली का वर न्हाय जात."

मला माझ्याच विद्येचा राग आला. हाड जागेवर, स्नायू तयार, आणि बाई अजून त्या दिवसातच अडकलेली! मी नोकरी सोडली आणि मुंबईला मानसोपचार शिकायला गेले. घरचे म्हणाले, हातपाय पिळून झाले, आता डोकी पिळणार का? म्हटलं, हो, पिळणार. तिथे एक गोष्ट पक्की कळली. संकट होऊन गेलं हे माणसाला कळतं, त्याच्या शरीराला कधीकधी वर्षानुवर्षं कळत नाही. ते शरीराला थोडं थोडं, धीराने दाखवावं लागतं.

परत आले तेव्हाही मावशी खालच्याच दोरीवर होत्या. मी थाटात दवाखाना उघडला होता, दोन खुर्च्या आणि एक निळा पडदा. मावशी खुर्चीत पाहुण्यासारख्या बसल्या आणि प्रत्येक प्रश्नाला "बरं हाय" म्हणाल्या. दोन-तीनदा असं झाल्यावर मी निमूट वलांडीकडे गेले.

बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी करायची आणि ती दोरीवर टाकायची, अशी रीत. जोड्या त्यांची जाऊ करून द्यायची. मी एकच नियम घातला: हात उचलण्याआधी आत्ता कानावर काय पडतंय ते मोठ्याने सांगायचं. जावेला हा खेळ भलताच आवडला. "तो रिक्षावाला ऐक, पोंगा वाजवतो मेला! ती कोंबरी ऐक!" मावशी हसायच्या, हात थोडा वर जायचा. कधी घाम फुटायचा, मग आम्ही थांबून चहा प्यायचो. पावसाळा आला, वलांडी रिकामी झाली, पुन्हा भरली. एकेक दोरी वर चढत आम्ही शेवटच्या दोरीशी आलो.

त्या सकाळी मावशी स्टुलावर चढल्या, पण हात कानाशी येऊन थांबला. जाऊ पुढची जोडी धरून उभी. मला इतकी भीती वाटली की शिकलेलं सगळं विसरले.

"काय ऐकू येतं, मावशी?"

त्यांनी बराच वेळ कान दिला.

"कावले. पोरां. वारा." मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "हाक न्हाय, बाय. कोनीच हाक न्हाय मारत."

त्यांनी जोडी वरच्या दोरीवर टाकली आणि हात वरच ठेवून, मागे न बघता जावेला म्हणाल्या, "दुसरी दे."