मामाच्या फोटोला मोगऱ्याचा हार

सौदीतल्या खमीस मुशैतला, आमच्या हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये, माझ्या समोर एक कॅनडाची बाई राहते. आम्हा नर्सेसना ट्रेनिंग देते. साठीला टेकलीय, पण जिना चढताना धाप मला लागते, तिला नाही. तिच्या टेबलावर लष्करी गणवेशातल्या एका कोवळ्या पोराचा फोटो आहे. तो तिचा मामा. महायुद्धात बॉम्ब टाकणाऱ्या विमानाच्या अगदी शेपटाशी मशीनगन धरून बसायचा. वय एकोणीस. एकदा विमान गेलं ते परत आलंच नाही.

तो फोटो तसा उघडाबोडका बघून मला कसंतरीच व्हायचं. सर्वपित्रीला वडिलांच्या फोटोसाठी मी हार घेत होते, तेव्हा राहवलं नाही, दोन घेतले. फाटकाशी मोगरा विकणारा जिझानचा म्हातारा खूश झाला. "मबरूक! अभिनंदन! लग्न कुणाचं?" त्याच्या गावाकडे असे हार नवरदेवाला घालतात. मी नुसती हसले.

संध्याकाळी बाई चहा करत होती तेवढ्यात मी मामाला हार घातला. न विचारता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

"हे काय?" चहा घेऊन येताना ती थबकली.

"आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात."

तिचा चेहरा उतरला. "आमच्या घरात तो गेला असं कुणी म्हणत नाही गं." विमान सापडलं नव्हतं, तोही नाही. तिची आई म्हणजे त्याची धाकटी बहीण, आता नव्वदी उलटलेली, अजून म्हणते, तो यायचाय.

मी ओशाळून हार काढायला गेले, तोच फोन वाजला. तिकडे कॅनडात सकाळ झाली की तिची आई व्हिडिओ कॉल करते आणि आधी भावाला बघते. सवयीने बाईने फोन उचलून फोटोसमोर धरलासुद्धा.

"त्याच्या गळ्यात काय आहे?" आईने विचारलं.

बाई माझ्याकडे बघत राहिली. नवरदेवाचा हार आहे म्हटलं असतं तर खोटंही ठरलं नसतं, सगळं निभावून गेलं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, "आजी, आमच्याकडे गेलेल्यांना घालतात."

आजीने चष्मा चढवून हार नीट पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं त्याला कुणी फूलसुद्धा दिलं नाही."

ती रडली नाही. आम्ही दोघी रडलो. मी नक्की कुणासाठी रडले, ते अजून सांगता येत नाही. वाईट मात्र फार वाटलं.

तेव्हापासून आजी रोज विचारते, हार सुकला का? सुकला की मी नवा आणते. म्हातारा प्रत्येक वेळी मबरूक म्हणतो. मला वाटलं, चला, निदान तिचं वाट बघणं तरी संपलं.

परवा नवा हार घेऊन गेले, तर दार उघडंच होतं आणि फोन चालू होता. आजी मुलीला विचारत होती, "तो आला की हा हार आधी काढशील ना? उगाच घाबरेल."

मी हार हातात घेऊन उंबऱ्यातच उभी राहिले. घालावा की नाही, मला कळेना.