आमचे साडू आणि सकाळचा रिपोर्ट

घाईत असलेल्या माणसाचा जीव शेवटच्या टोकापर्यंत टांगून कसा ठेवावा, हे माझ्या मोठ्या साडूंइतकं बारामतीपासून इंदापूरपर्यंत दुसऱ्या कुणाला जमत असेल असं मला वाटत नाही. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. मूळचे वरकुट्याचे, आणि सगळी नोकरी वालचंदनगरला एका कारखान्याच्या संगणक विभागात केलेली. बिघाड शोधणं हा त्यांचा धंदा होता आणि निवृत्तीनंतर तो छंद झाला, एवढाच काय तो फरक. एकदा ते आमच्याकडे जेवायला आले असताना बायकोचा मिक्सर बंद पडला. दाजींनी मिक्सरला हातही न लावता चौकशी सुरू केली. शेवटचं काय वाटलं, कुणी वाटलं, त्या वेळी दारात कुणी आलं होतं का, भांडं नीट बसलं होतं का. तासाभरानं बायकोनं वैतागून चटणी पाट्यावर वाटली आणि पानं वाढली. जेवून हात धुतल्यावर दाजी म्हणाले, “प्लग सैल हाय.” ते त्यांना आल्या आल्याच दिसलं होतं. मग आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं, तर म्हणाले, “सैल का झाला ते कळाया नको?”

असल्या माणसाला आपण होऊन ऑफिसात बोलावण्याची वेळ माझ्यावर आली ती गेल्या उन्हाळ्यात. मी एका डेअरीत संगणक विभाग सांभाळतो. म्हणजे त्या विभागात मी एकटाच आहे. सकाळी गावोगावच्या केंद्रांवर दूध जमा होतं, त्याचे आकडे आमच्या सर्व्हरवर येतात, आणि त्यांचा रिपोर्ट निघाला की कुठल्या गावाला कुठला टँकर पाठवायचा हे ठरतं. पूर्वी हा रिपोर्ट कपातला चहा संपायच्या आत हातात यायचा. आता त्याला तास-तास लागायला लागला. टँकर आवारात रांगेनं उभे राहायचे आणि ड्रायव्हर माझ्या खिडकीकडे बघत बसायचे. एके दिवशी टँकर वेळेत न पोहोचल्यामुळे एका गावातला दूध थंड ठेवायचा कूलर काठोकाठ भरला आणि बायकांना दुधाच्या किटल्या घेऊन भर उन्हातून परत जावं लागलं. त्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “रिपोर्ट निघत नसेल तर तुम्ही इथं नक्की काय करता?” असं त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी काय करायचं बाकी ठेवलं होतं? सर्व्हरची मेमरी वाढवली, जुन्या फायली उडवल्या, सकाळ-दुपार तो बंद करून चालू केला. विक्री विभागाची माणसं एका वेळी दहा-दहा रिपोर्ट उघडून बसतात म्हणून त्यांच्याशी भांडलो, इतका की ती माझ्याशी बोलेनाशी झाली. शेवटी बायको म्हणाली, “दाजींना सांगा की.” मी दोन दिवस टाळलं आणि तिसऱ्या दिवशी फोन केला.

दाजी स्कूटरवरून आले, वही उघडली आणि कीबोर्डकडे पाठ करून बसले. सर्व्हर नेमका तेव्हाच अडकला होता. मी सवयीनं बंद करायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं. “बंद करू नका, पावनं. बंद केल्यावर कुठं दुखतंय ते सांगणार कोण?” मग मी आतापर्यंत काय काय केलं ते त्यांनी लिहून घेतलं आणि माझ्याकडे रोग्याच्या नातेवाइकाकडे बघावं तसं बघितलं. “एकदम चार औषधं दिलीत. आता कंचं लागू पडलं आन् कंचं बाधलं?” पुढचे तीन दिवस त्यांनी सर्व्हरला बोटही लावलं नाही. ते टँकरच्या ड्रायव्हरांत जाऊन बसायचे. ड्रायव्हरला सर्व्हरमधलं काय कळणार, असं मी चिडून विचारलं, तेव्हा म्हणाले, “उभं किती राहावं लागतंय ते त्येलाच कळतंय.” मॅनेजरसाहेब जाता-येता माझ्या दाराशी थांबायचे, आणि आमचे तज्ज्ञ बाहेर टायरच्या सावलीत भेळ खात बसलेले असायचे. मला त्यांच्या वहीसकट त्यांना इंदापूरच्या एसटीत बसवून द्यावंसं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वहीतल्या दोनच ओळी वाचून दाखवल्या. हा रिपोर्ट एका दिवसात बिघडलेला नाही, दर महिन्याला थोडा थोडा लांबत गेलाय. आणि सहाच्या आत मागितला तर अजूनही झटक्यात निघतो. “म्हंजी सहाला कुणीतरी येतंय आन् त्ये रोज जाड हुतंय,” दाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सर्व्हरवर चालू असलेल्या कामांची यादी उघडून बसलो. सहाच्या ठोक्याला एक नवीन ओळ वर आली, ‘चाचणी २’ नावाची. बाकीची सगळी कामं तिच्यामागे ताटकळत उभी राहिली. हा कुणीतरी रोज आपोआप निघायला लावून ठेवलेला रिपोर्ट होता. डेअरीत संगणक आला त्या दिवसापासून आजपर्यंतचं, सगळ्या गावांचं, सगळं दूध तो रोज पहिल्यापासून मोजत होता. दाजींनी बनवणाऱ्याचं नाव उघडलं. ते माझं होतं.

तेव्हा मला आठवलं. पळसदेवच्या केंद्राचे सचिव आबा निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या दिवशी मला म्हणाले होते की गावाचं दूध किती झालं तेवढं रोज कळलं तर बरं वाटंल. मी घाईघाईत काहीतरी जोडून दिलं, सुनेच्या फोनवर जाईल अशी सोय केली आणि विसरून गेलो. मी तो रिपोर्ट उडवायला निघालो, तर दाजी म्हणाले, “आजच्यापुरता थांबवा. पर काढू नका. ज्येच्यासाठी चाललाय त्येला इचारलं का?”

“दाजी, इतकी वर्षं झाली. कोण उघडत असेल तो?”

“तेच इचारायचंय.”

तो थांबवल्याबरोबर सकाळचा रिपोर्ट निघाला आणि टँकर रस्त्याला लागले. एका बोटानं संपणारं काम, आणि आम्ही त्यासाठी स्कूटरवरून पळसदेवला निघालो. मी वाटभर धुसफुसत होतो. आबांच्या दारात पोहोचलो तेव्हा सून बाहेर आली. डेअरीतून आलोय म्हटल्यावर तिनं पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, “आज रिपोर्ट आला न्हाय. मामंजी सकाळधरनं इचारत्यात.” आबांना आता फारसं दिसत नाही. तो शेकडो पानांचा रिपोर्ट तिच्या फोनवर उघडायलाच बराच वेळ लागतो. मग ती चुलीपुढं बसून पानं सरकवत सरकवत पळसदेवची शेवटची ओळ शोधते आणि मोठ्यानं वाचून दाखवते. रोज.

आबा आतून भिंतीला धरत आले. “काल दूध कमी भरलंय,” ते म्हणाले. “उन्हानं आसंल. आन् खालच्या आळीत दोन गाया आटल्यात.” मग आमच्याकडे तोंड वळवून, “त्यो बंद करायला आला का तुमी?”

दाजी म्हणाले, “न्हाय, आबा. बारीक करायला आलोय.”

त्याच दिवशी आम्ही तो रिपोर्ट एका गावाचा, एका दिवसाचा, एका ओळीचा केला आणि टँकर गेल्यानंतर नऊला निघेल असा लावला. दुसऱ्या दिवशी एका ड्रायव्हरनं चहा अर्धा टाकून जावं लागतं अशी तक्रार केली. चूक माझी होती हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “बरं. लिहून ठेवा.” विक्री विभागाची माफी मागायला गेलो, तर तिथं त्यांनी मला खुर्ची दिली, यावरच समाधान मानलं.

पळसदेवहून परतताना मात्र एक गोष्ट घडली होती. वाटेत लागणाऱ्या धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं, आणि दाजींनी काठाशी स्कूटर थांबवली. पाण्याकडे बघत म्हणाले, “मी नोकरीतनं सुटलो तवा पैले दोन-तीन महिने कारखान्यातनं फोन यायचा. ह्ये कुठं ठेवलंय, त्ये कसं चालतंय. मग यायचा बंद झाला.” आणि माझ्याकडे न बघता पुढं म्हणाले, “चांगलंच हाय म्हणा. त्येंचं नीट चाललंय म्हणूनच बंद झाला.” आणि त्यांनी स्कूटर चालू केली.

यंदा गुडघ्यांनी फारच त्रास द्यायला लागल्यावर मुलगी त्यांना पुण्याला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. सर्व्हर उत्तम चाललाय. मी अधूनमधून रविवारी त्यांना फोन करतो. ते लगेच उचलतात आणि विचारतात, “काय अडलंय?”

“काही नाही, दाजी. सहज केला.”

मागे लिफ्टचा आवाज येत असतो.

“बरं केलं,” ते म्हणतात.