पहिला खांदा

विमलाच्या तोंडाला लागू नये, हे रत्नागिरीतल्या निम्म्या रिक्षावाल्यांना ठाऊक होतं. आपल्या खाणावळीचे डबे घेऊन ती रिक्षात चढायची, वळणावर आमटी सांडायची, आणि रोज एकाशी तरी वाजायचं. "सीट काय सोन्याची हाय तुझी? पुसते ना!" म्हणत ती पदराने सीट पुसायची आणि वर डबे उतरवायला त्यालाच लावायची. अशी ही बाई त्या दिवशी गाड्यांच्या शोरूममध्ये, गारेगार हवेत, नवऱ्याशेजारी मूग गिळून बसली होती.

समोर विनीत नावाचा फायनान्सवाला. गुळगुळीत दाढी, गोड आवाज. कॉम्प्युटरकडे बघत तो म्हणाला, "दादा, तुमचा स्कोअर बसत नाहीये. आणि ताई, तुमचा त्याहून खाली आहे."

"बसत न्हाय म्हणजे?"

"कर्जाच्या बाबतीत तुमच्या दोघांचंही नाव खराब आहे."

झालं! गिळलेले मूग बाहेर पडले. "नाव खराब? आमचं? अरे, किराणावाल्याची उधारी पण कधी महिना ओलांडून गेली न्हाय माझी! दुसऱ्याच कोणाचं तरी बघतोयस तू. नीट बघ."

विनीतने नीट बघितलं. पलीकडे गाडी बघायला आलेलं एक जोडपं गाडी सोडून आता ह्यांच्याकडेच बघायला लागलं. काही वर्षांपूर्वी दोघांच्या नावावर एक कर्ज होतं. ते पुरतं फिटलं नव्हतं. तडजोड होऊन उरलेलं बँकेने सोडून दिलं होतं.

"लोकांना वाटतं, बँकेने माफ केलं म्हणजे सुटलो," विनीत म्हणाला. "तसं नसतं ताई. तडजोडीचा शिक्का एकदा बसला की पुढे कोणी दारात उभं करत नाही. राहिलेली रक्कम भरा, काही बाकी नाही असं बँकेचं पत्र आणा, मग मी साहेबांकडे शब्द टाकतो. पण शिमगा झाल्या झाल्या आणा. उशीर नको."

विमलाने नवऱ्याकडे बघितलं. भागोजी स्वतःच्या चपलांकडे बघत होता. कॉलेजात शिपायाची नोकरी करून करून त्याला खाली बघायची सवयच लागली होती. कर्ज कुठलं ते दोघांनाही न सांगता कळलं. ते त्यांचं नव्हतंच मुळी. ते होतं वाडीचं.

वाडी म्हणजे भागोजीचं गाव, रत्नागिरीहून एस्टीने आत गेलं की लागतं. तिथल्या गावकीला सभागृह बांधायची हौस आली. गावकी म्हणजे वाडीतले कर्ते पुरुष. देवाचं, लग्नाचं, मयताचं सगळं तेच ठरवणार. पैसे कमी पडले. बँक म्हणाली, कोणाचा तरी पक्का पगार दाखवा. आणि पक्क्या पगाराचा वाडीत बकरा एकच. तरी भागोजी का-कू करत होता, तर गावकीचा म्होरक्या रघूअण्णा याने देवाला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर कळ्या चिकटवल्या आणि उजवी पडली. देवाने हो म्हटलं, आता भागोजी कोण नाही म्हणणारा? त्याने सही केली, बायकोलाही करायला लावली. हप्ते गावकी भरणार, असा देवासमोर शब्द झाला. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय!

गावकीने थोडे दिवस हप्ते भरले, मग थकवले. वसुलीवाले भागोजीला शोधत कॉलेजात यायला लागले, तेव्हा रघूअण्णा माणसं घेऊन बँकेत गेला आणि बाजारात मासळीचा वाटा घ्यावा तशी त्याने बँकेशी घासाघीस केली. बँकेने बरंच सोडलं. अण्णा गड जिंकल्यासारखा परत आला आणि वाडीत पेढे वाटले. विमलानेही आवडीने खाल्ले होते. शोरूमच्या पायऱ्या उतरताना त्या पेढ्यांसाठी तिने स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या.

बरं, गाडी काही हौसेची नव्हती. शहराबाहेर नर्सिंगच्या मुलींचं होस्टेल होतं, तिथल्या दोन्ही वेळच्या जेवणाचं काम जूनपासून विमलाला मिळत होतं. अट एकच, जेवण स्वतःच्या बंद गाडीतून आलं पाहिजे. नाही जमलं तर ते काम जाणार होतं मांडवीच्या एका हॉटेलवाल्याकडे, आणि त्याच्याच भटारखान्यात विमलाने उमेदीची वर्षं शिव्या खात पोळ्या लाटल्या होत्या. "उपाशी मरेन, पण त्याच्या घशात जाऊ देणार न्हाय," असं तिने देवाच्या तसबिरीला बजावून ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी दोघं वाडीत गेली. त्याच सभागृहात गावकीची बैठक होती. बायका गावकीत बसत नाहीत. विमला बसली, तीही रघूअण्णाच्या समोर, मांडी घालून.

"बँकेनं सोडले ते पैसे भरा," ती म्हणाली. "कर्ज वाडीचं आणि नाव आमचं. आमचं नाव साफ करून द्या."

रघूअण्णा आधी हसला. "गो बाय, सुटलेलं पैसं परत नेऊन द्यायचं? आणि ते पण बँकेला? डोकं ठिकाणावर हाय ना तुझं?"

सगळी बैठक हसली.

"माझं हाय. तुमचं नव्हतं, म्हणून ही पाळी आली."

अण्णाचं हसू गेलं. "भागोजी, बायकोला आवर. गावकीत चूल आणलेली चालणार न्हाय."

भागोजी गप्प. जल्लं मेलं ते गप्प बसणं! विमलाला वाटलं, याला धरून गदागदा हलवावं. पण ती अण्णाकडेच वळली.

"बरं, माझं नका ऐकू. देवाचं ऐका. कर्ज काढायला कौल लावलात ना? मग फेडायला पण लावा. बोलवा गुरवाला, आत्ता!"

कोणी छताकडे बघायला लागला, कोणी तंबाखू मळायला लागला. उजवी कळी पडली तर काय, हे प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं.

"देवाला पैशाच्या भानगडीत ओढायचं न्हाय!" रघूअण्णा ओरडला.

"मग तवा काय केलंत? लगीन लावलंत देवाचं?"

त्यावर जो गदारोळ झाला तो विचारू नये. कोणी तिला तोंडाळ म्हटलं, कोणी म्हटलं शहरात राहून माजली. विमलाने एकालाही फुकट सोडलं नाही, ज्याला त्याला त्याच्या घरचं काढून दाखवलं. शेवटी दोघांना अक्षरशः बाहेर काढलं. एस्टीत बसल्यावर उरलेला राग नवऱ्यावर निघाला. "तुमच्यापेक्षा त्या सभागृहाचं दार बरं. ढकललं तर वाजतं तरी!"

"शिमगा होऊ दे," भागोजी एवढंच म्हणाला.

"शिमग्याला काय करणार? बोंब मारणार?"

तो खिडकीबाहेर बघत बसला.

शिमग्याला मुंबईचे चाकरमानी आले, वाडी माणसांनी फुलली. देवाला पालखीत बसवलं. ह्या पालखीचा पहिला खांदा भागोजीच्या घराण्याचा, पिढीजात मान. त्याने पुढचा दांडा खांद्यावर घेतल्याशिवाय पालखी देवळाबाहेर पडत नाही, आणि बाहेर पडली की सगळ्यांत आधी त्याच्याच अंगणात नाचते. ओटी भरून घेते, मग बाकीची घरं.

ढोल सुरू झाले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. भागोजी पुढे आला, वाकून नमस्कार केला, आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

"उचल," रघूअण्णा म्हणाला.

"न्हाय."

ढोलवाल्यांना ऐकू गेलं नाही, ते वाजवतच राहिले. कोणीतरी धावत जाऊन त्यांना थांबवलं.

"सही माझी पायजे, पगार माझा पायजे, खांदा पण माझाच पायजे," भागोजी म्हणाला. आज त्याची मान वर होती. "आणि बुडालं ते नाव तेवढं माझं एकट्याचं? आधी पैसे भरा. मग उचलतो."

बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या विमलाने तोंडावर हात ठेवला. ह्या माणसाला बोलता येतं!

रघूअण्णाने त्याची कॉलर धरली. "देवाला अडवतोस? वाटोळं होईल तुझं!"

"तुम्ही केलंत तेवढं पुरे हाय."

माणसं मध्ये पडली. वाडीच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष ओमकार गर्दी सारत पुढे आला. "कसले पैसे? कर्ज फेडायला मंडळाने पूर्ण रक्कम पाठवली होती. ती कुठे गेली?"

मग सगळंच बाहेर आलं. घासाघीस करून वाचलेल्या पैशांतून देवळासमोर कमान उभी राहिली होती, आणि तिच्यावर संगमरवरात रघूअण्णाच्या वडिलांचं नाव. वड्याचं तेल वांग्यावर! "कमान देवाचीच हाय ना? का मी घरी नेली?" अण्णा गरजला. दोन्हीकडून आवाज चढले, आया-बहिणी निघाल्या. चाकरमान्यांना तर भागोजीचाही संताप आला होता. परवा ड्युटीवर हजर व्हायचं, आणि हा सणाच्या दिवशी देव अडवून बसलाय. पण देव तसाच ठेवून जाणार कसे? शेवटी शिव्या देत देत त्यांनी भागोजीच्या खात्यात पैसे टाकायला मोबाइल काढले. रेंज मिळेना, म्हणून धडधाकट बाप्ये देवळाच्या जोत्यावर चढून हात उंच करून उभे राहिले. जोत्यावर ठेवलेल्या भागोजीच्या फोनवर पैसे आल्याचे मेसेज वाजायला लागले. तो शांतपणे बघत होता. पुरेसे जमले तसा त्याने खांद्यावर टॉवेल टाकला आणि दांडा उचलला.

विमला धावतच घरी सुटली. नारळ, खण, तांदूळ ताटात मांडलेलेच होते. निरांजन लावलं आणि ती पायरीवर येऊन उभी राहिली. तिला हसू आवरत नव्हतं. गाडी आलीच समजा!

ढोल जवळ आले. वाटेला फाटा होता, वरची वाट भागोजीच्या घराकडे, खालची बाकीच्या वाडीकडे. भागोजी सवयीने वर वळला. मागच्या दांड्याखाली रघूअण्णाचे पुतणे होते. ते वळले नाहीत. पालखीला हिसका बसला, ती हेलकावली आणि खालच्या वाटेला लागली.

"देव ओढतोय!" रघूअण्णाने आरोळी दिली. "देवाची मर्जी! त्या घरी जायचं न्हाय म्हणतोय देव!"

आणि देवाची मर्जी म्हटल्यावर कोणाची बिशाद बोलायची! ओमकारसुद्धा मान खाली घालून चालायला लागला. दगडी गडग्याच्या पलीकडून पालखी निघाली तेव्हा विमलाला सगळं लख्ख दिसलं. तिचा नवरा स्वतःच्या खांद्यावरून देवाला स्वतःच्या दारावरून पुढे नेत होता.

"सोडा तो दांडा!" ती किंचाळली. "सोडा नि घरी या!"

भागोजीने एकदा वर बघितलं. दांडा सोडला नाही. ढोलाच्या तालावर पाय टाकत तो खाली उतरत गेला.

उन्हं कलल्यावर तो आला. खांदा सोलपटून लाल झाला होता. विमला जिभेला धार लावूनच बसली होती, पण त्यानेच आधी तोंड उघडलं.

"मला ठाऊक व्हतं," तो म्हणाला. "हाताची घडी घातली तवाच ठाऊक व्हतं. देव आता आपल्याकडं येणार न्हाय. आपल्या हयातीत तरी न्हाय."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू देवाला अडवू दिलं असतंस?"

खरंच, नसतं दिलं. गाडीवर, होस्टेलवर, सगळ्यावर पाणी सोडलं असतं तिने, आणि ते काम त्या हॉटेलवाल्याच्या घशात जाऊ दिलं असतं. ह्या दारात देव आला नाही असा शिमगा तिने लग्न झाल्यापासून बघितला नव्हता. आणि ती काय करेल हे ह्या घुम्या माणसाला तिच्याआधी कळलं होतं. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं.

"बसा तिथं," ती म्हणाली. "खोबरेल आणते."