येलदरीकाठची मोकाट घोडी

बोरीच्या बसस्टँडसमोर धम्मशीलाचा फोटो स्टुडिओ आहे. आधारकार्डाचे, शाळेचे, साखरपुड्याचे फोटो काढता काढता तिची पन्नाशी जवळ आली. आसपासच्या गावांतले निम्मे नवरदेव तिच्या कॅमेऱ्यापुढून गेलेले. "मान जरा वर, दादा," "वहिनी, हसा की थोडं," हे ती झोपेतही बडबडते, असं तिचा नवरा सिद्धोधन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो. माणसांना उभं करायचं, हसवायचं आणि बटण दाबायचं, याच्यापलीकडे कॅमेऱ्याचं काही काम असतं असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

यंदा पोळा झाला आणि नर्मदाबाई नावाची एक म्हातारी फोटोला आली. तिचं गाव येलदरी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला, शेळ्या राखते. धम्मशीला कॅमेरा लावेपर्यंत म्हातारी भिंतीवरचा घोडीवर बसलेला नवरदेव न्याहाळत होती.

"असली लय घोडी हायेत आमच्याकडं," ती म्हणाली. "पर त्यायच्यावर कुणी बसत न्हाई."

"कुणाची हायेत?"

"कुणाचीच न्हाईत. मागं करोनात ते सगळं बंद पडलं होतं की, लग्नं न्हाईत, वराती न्हाईत, तवा घोडीवाल्यायनी आणून सोडली. आता त्यायची पिलावळ वाढली. माळावर ऱ्हातेत, हरणावानी."

लगाम नसलेलं घोडं आपण आयुष्यात पाहिलेलं नाही, हे धम्मशीलाला त्या क्षणी जाणवलं. भर लग्नसराईत शेकडो घोडी पाहिली, पण झूल, गोंडे आणि तोंडात लोखंड असलेलीच.

पुढच्या रविवारी उजाडायच्या आत ती स्कूटीवरून निघाली. नर्मदाबाई शेळ्या घेऊन वाटेवरच थांबली होती. दोघी बाभळींच्या आडोशाला बसल्या. समोर उताराचा माळ, कमरेएवढं गवत, त्याच्या टोकाला धरणाचं पाणी. कितीतरी वेळ काहीच नाही. मग बसल्या जागी जमिनीतून थरथर आली, आधी तळव्यांना कळली, मग कानांना. आणि चढावरून ती उतरली.

काळपट लाल कुम्मैत, काळी, तांबडी, एक मळकट पांढरी. आयाळींत कुसळं आणि गोखरू अडकलेले. कुणी हाकत नव्हतं, तरी ओढ्याचं पाणी वळणाला वळावं तशी ती सगळी एकदम वळली. मधे दोन शिंगरं, पाय नुसते काठ्यांसारखे. सगळ्यांत मागे काळ्या-पांढऱ्या डागांचा अबलख घोडा, मान खाली घालून, रेंगाळणाऱ्यांना पुढे ढकलत. ऊन त्यांच्या अंगावर पडलं तेव्हा ओल्या पाठींवरून वाफ निघत होती.

"अगं माय," एवढंच धम्मशीलाच्या तोंडून निघालं. मान वर करा, असं कुणाला सांगायचं नव्हतं. सांगून ऐकणारं तिथं कुणी नव्हतंच. तिनं कॅमेरा उचलला, आणि इतक्या वर्षांची सवय असून लेन्सचं झाकण काढायचं नवशिक्यासारखं राहून गेलं.

मग ती जातच राहिली. दुकान उशिरा उघडायची. सिद्धोधन हसून म्हणाला, "गिऱ्हाईकं विचारायलीत, बाई हायेत कुठं? मी सांगितलं, घोड्यांच्या लग्नाला गेल्यात." पण डबा तोच भरून द्यायचा.

हळूहळू तिला कळप ओळखू येऊ लागला. तिला वाटलं होतं, मालक म्हणजे अबलख घोडा. तसं नव्हतं. केव्हा चरायचं, केव्हा पाण्यावर जायचं, हे ती मळकट पांढरी घोडी ठरवायची. ती निघाली की बाकीची निघायची, घोडा मुकाट मागून यायचा. पाण्यावर एकदा दुसरा कळप आला, त्याचा धनी काळाभोर. दोन्ही घोडे समोरासमोर आले, माना धनुष्यासारख्या वाकवून एकमेकांच्या नाकाला नाक लावलं, आणि अशी किंचाळी फुटली की नर्मदाबाईच्या शेळ्या उधळल्या. पुढचे खूर हवेत गेले. आता रक्त निघणार असं वाटत असतानाच काळा बाजूला झाला आणि आपला कळप घेऊन निघून गेला. इकडे पांढरी घोडी पूर्ण वेळ पाणी पीत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

तिचा फोटो धम्मशीलानं मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. दोन दिवसांनी बजरंग आत आला. पूर्वी वरातींना घोडी द्यायचा, आता मालाची गाडी चालवतो. आत येण्याआधी काचेसमोर तो बराच वेळ उभा होता.

"ताई, ही राणी हाय."

"कोण राणी?"

"माजी घोडी. हा कान बघा, टोक तुटल्यालं. तुमीच किती फोटू काढलेत हिचे."

धम्मशीलानं जुने अल्बम काढले. खरंच, नवरदेवामागून नवरदेव, आणि प्रत्येकाच्या खाली तीच घोडी, तोच तुटका कान. तिनं हिला इतक्यांदा पाहिलं होतं आणि एकदाही बघितलं नव्हतं.

तिनं बजरंगला सोबत नेलं. बाभळींमागून त्यानं राणीला पाहिलं आणि दातांखाली ओठ धरला.

"हाक मारा की, भाऊ. ओळखंल ती."

"नको, ताई. आली तर बांधू कुठं? चारा घालायची ऐपत न्हवती म्हणून तर सोडली." तो म्हणाला, "आन न्हाई आली, तर मला सोसायचं न्हाई."

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस असा कोसळला की ओढे-नाले एक झाले. उघडीप मिळाली त्या सकाळी नर्मदाबाईनं कुणाच्या तरी फोनवरून निरोप दिला, "ये बाई लवकर. घोडी पाण्यात अडकलीत." बजरंगनं गाडी काढली.

माळाचं खालचं अंग बुडालं होतं. मधे गवताचा एक उंचवटा उरलेला, त्यावर सगळा कळप अंगाला अंग लावून उभा. चहूबाजूंनी गढूळ पाणी, आणि ते वर चढत होतं. काठावर चार-सहा गावकरी जमले होते, पण करणार काय? मच्छीमारांच्या होड्यांत घोडं मावत नाही.

"मेली ही," बजरंग म्हणाला. "राणी पाण्याला लय भेते, ताई. परण्याला नवरदेव नेताना वाटेत टीचभर ओहोळ लागला तर तासतास वढायचो मी. पाय भिजू देत न्हवती."

तो हे बोलत असतानाच राणी कळपातून बाहेर आली. पाण्याच्या कडेला थांबली. नाक खाली नेऊन फुरफुरली. मागे वळून शिंगरांकडे पाहिलं. आणि आत उतरली.

छातीपर्यंत, मानेपर्यंत, मग नुसतं डोकं. तिच्यामागे दुसरी, तिसरी, मग सगळीच. शिंगरांच्या प्रवाहाकडच्या अंगाला दोन थोराड घोड्या पोहत होत्या, लाटेचा मार आपल्या अंगावर घेत. उंचवट्यावर अबलख एकटा उरला. शेवटचं शिंगरू पाण्यात गेल्यावरच त्यानं उडी घातली. ऐकू येत होते ते फक्त घोड्यांचे श्वास, भात्यासारखे, पाण्यावरून येणारे. धम्मशीलाच्या डोळ्यांना धार लागली होती, तरी ती बटण दाबत होती; बरेच फोटो हलले, ते तिला नंतर कळलं. एक लहानगं वाहवत चाललं तेव्हा तिनं कॅमेऱ्याआडून "अरे, अरे!" असा टाहो फोडला. पण खालच्या अंगाला अबलख होता. शिंगरू त्याच्या खांद्यावर येऊन आदळलं, टेकलं, आणि तसंच टेकून पोहत राहिलं.

राणी बाहेर आली ती यांच्यापासून हाकेच्या अंतरावर. अंगावरून पाणी ओघळत होतं, बरगड्या खालीवर होत होत्या. तिनं डोकं उचललं आणि दोन्ही कान, अख्खा आणि तुटका, बजरंगकडे वळवले. बघत राहिली.

बजरंगनं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. हाक मारली नाही.

मग तिनं अंग झटकलं, मोजायला वळावं तशी मागे वळली, आणि सगळी काठाला लागल्यावर माळाच्या चढाला निघाली. कळप तिच्या मागे गेला.

परतताना गाडी चालवता चालवता बजरंग म्हणाला, "ताई, मला वाटायचं, मी तिला नाचायला शिकवलं. काय शिकवलं हो मी? हे सगळं तिच्यात हुतंच की."

दसऱ्याला सिद्धोधन स्वतः माळावर आला आणि दुपारपर्यंत उठायचं नाव घेईना. गवत पिवळं पडलं तसे दोन्ही कळप डोंगराच्या अंगाला सरकले. नर्मदाबाईचा निरोप येतो, आज अमुक घळीत दिसली म्हणून. धम्मशीला दुकानाचं शटर ओढते आणि निघते. काही वेळा दिसतात, काही वेळा नुसते खुरांचे ठसे, ओल्या मातीत खोल रुतलेले, आणि ती तेवढ्यावरही खूश होऊन घरी येते.