टोलीचा एक एकर

“बेरीज कम्प्युटरने केली आहे. चुकेल कशी?” इंजिनिअर साहेब मलाच विचारत होते.

अर्जुनी मोरगावचं पाटबंधारे ऑफिस. मी गोंदियात कम्प्युटर क्लास चालवायची. ऑफिसांत कम्प्युटर नवे होते, एक्सेल रुसलं की मला बोलावणं यायचं. या वेळी तलावाच्या पाण्याचा प्रश्न होता. शीट म्हणत होती, कालव्याच्या शेवटच्या टोलीत, म्हणजे छोट्या वस्तीत, उन्हाळी धान फक्त एक एकर. एवढ्यासाठी तिथवर पाणी कोण सोडणार? साहेबांनी टोलीची पाण्याची पाळी रद्द केली होती.

टोलीचे सुखदेवभाऊ बाकावरून उठून आले. “एक एकर तं माह्या एकट्याचाच हाय, बाई. धान लोंबीवर आला. आता पाणी नाही भेटलं तं सारा पोचट होऊन जाईल.”

मला राहवेना. माणूस खोटं बोलत नव्हता. ‘सम’, म्हणजे बेरजेचा फॉर्म्युला, तोही बरोबर होता. मग बाकीचे एकर गेले कुठे?

यादीत खाली सरकले. पहिल्या नावापुढे १. पुढच्या सगळ्या नावांपुढे दोन बारीक रेघा.

“हे काय, नागपुरेबाबू?” यादी टाइप करणाऱ्या कारकुनाला मी विचारलं.

“डिट्टो, मॅडम. टोलीत वाटपाच्या जमिनी, साऱ्यायले एकेक एकर. वरच्यासारखंच हाय तं परत परत कायले लिहायचं?”

हसूच आलं मला. कागदावर बाबूंचं अगदी बरोबर होतं. पण एक्सेलला त्या रेघा म्हणजे अक्षरं, आणि ‘सम’ अक्षरं गुपचूप सोडून देतं.

तरी एक कोडं उरलं. शेजारच्या रकान्यात एकराला पाण्याच्या तासांनी गुणलं होतं. गुणाकार असा गप्प बसत नाही, अक्षर दिसलं की ‘व्हॅल्यू एरर’ म्हणून बोंबलतो. इथे पहिला आकडा सोडला तर सगळं कोरं. एका खान्यावर क्लिक केलं, तर आत फॉर्म्युला होता. अक्षरांचा रंग बदलला आणि रकानाभर एररच एरर.

साहेब खाकरले. “प्रिंटमध्ये घाण दिसत होतं. मीच पांढरं केलं.”

बाबूंना कंट्रोल-डी दाखवलं. त्याने वरचा आकडा खालच्या खान्यांत उतरतो.

“म्हणजे डिट्टो इथं बी हाय,” बाबू खूश झाले.

बेरीज वाढली. साहेबांनी ती दोनदा पाहिली आणि टोलीची पाळी लावली.

“पाणी कवा?” सुखदेवभाऊ.

“परवा.”

चहा न घेताच ते टोलीला सांगायला निघाले.

आता कोणाचीही शीट आली की मी आधी सगळी अक्षरं काळी करते. काय झालं, ते मग विचारते.