आक्काच्या कॉम्प्युटरची बॅटरी

आमच्या जिन्यात बातमी होती की वरच्या मजल्यावरच्या आक्काच्या डोक्यावर परिणाम झालाय. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला तिच्या खिडकीतून तेच ऐकू यायचं: "सहाशे पंधरा, सोळा, त्रेसष्ट." बातमी कुणी पसरवली ते विचारू नका, मी ती परत घेतोय. डोकं आक्काचं नव्हे, तिच्या जुन्या कॉम्प्युटरचं गेलं होतं. वीज बंद केली की तो तारीख विसरायचा, आणि पोटात हार्डडिस्क आहे हेही विसरायचा. मग आक्का कागदावरून त्या डिस्कची मापं वाचून त्याला शिकवायची, तेव्हा कुठे त्याला जोडलेलं भरतकामाचं मशीन हलायचं. वीस वर्षांची तिच्या हातची नक्षी त्या डिस्कवर.

तीन महिन्यांपूर्वी धाकट्या भावाने "धूळ झाडून देतो" म्हणून कॉम्प्युटरचा डबा उघडला होता, तेव्हापासूनचं हे दुखणं. बिचारा दर महिन्याला, वीज नसताना कॉम्प्युटरची आठवण जपणारी ती नाण्याएवढी बॅटरी नवी घेऊन धावत यायचा, बसवायचा आणि मान हलवायचा. "बोर्डच म्हातारा झालाय गं. हे भंगारात दे आणि माझ्या कारखान्यात येऊन कामाला बस."

कुणाच्या बापाचं न ऐकणारी आक्का शेवटी हो म्हणाली. शनिवारी भंगारवाला येणार होता. शुक्रवारी तिने तळमजल्यावरच्या रेडिओवाल्याला सहज हाक मारली. त्याने काढून ठेवलेल्या बॅटऱ्यांना मीटर लावला.

"आक्का, या भरलेल्याच आहेत की! कुणी यांना कामच करू दिलेलं नाही."

बोर्डवर बॅटरीशेजारी तीन पिना होत्या आणि त्यातल्या दोन पिनांवर एक इवलंसं टोपण. ते बसलं होतं आठवण पुसायच्या जोडीवर. त्याने ते शेजारच्या जोडीवर सरकवलं आणि आक्काकडून तारीख नि मापं एकदा भरून घेतली. वीज बंद केली, पुन्हा लावली. तारीख बरोबर, डिस्क जागेवर.

"हे आपोआप सरकतं का रे?"

"उंदराला स्क्रूड्रायव्हर धरता आला तर."

आक्काने भंगारवाल्याला येऊ नकोस म्हणून निरोप धाडला. मी दारात वाटी घेऊन साखर मागायला उभा होतो.

संध्याकाळी भाऊ चौथी बॅटरी घेऊन आला. उघडा डबा पाहून त्याने नाकारलंही नाही. "तुझ्या भल्यासाठीच केलं, आक्का. एकटी किती ओढशील?"

आक्का म्हणाली, "भलं करणारा समोरून करतो. तू तीन महिने मला रडताना पाहिलंस आणि बॅटऱ्या आणत राहिलास. सख्खा आहेस म्हणून चहा ठेवलाय, पी. पण परत माझ्या टेबलाला हात लावलास तर बोटं मोडीन."